मेळावली: संस्थेची जमीन आणि शेजाऱ्यांचा हक्क

जमिनीचा कागद एकाकडे आणि वहिवाट दुसऱ्याची, हे दुखणं माळशिरस तालुक्याला समजावून सांगायची गरज नाही. साखर कारखान्यांना खंडाने दिलेल्या जमिनी १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर शेती महामंडळाकडे गेल्या. त्या परत मागताना खंडकऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांचे जोडे झिजले. आज मात्र मी गोव्यातल्या एका गावाबद्दल बोलणार आहे, कारण तिथे समोर कारखाना नव्हता, विद्येची संस्था होती. कारखान्याशी भांडणं त्यामानाने सोपं. शाळा-कॉलेजाच्या आड येणारा माणूस लगेच अडाणी ठरतो.

गोव्याची आयआयटी २०१६ साली सुरू झाली, ती फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात, म्हणजे बिऱ्हाडकरू म्हणूनच. कायमच्या जागेसाठी आधी काणकोणातल्या लोलयेचं नाव निघालं, तिथे विरोध झाला. मग सत्तरी तालुक्यात, गुळेली पंचायतीतल्या मेळावलीची सुमारे १० लाख चौरस मीटर जमीन ठरली. सरकार म्हणालं, जमीन सरकारी आहे. कागदावर तसंच होतं. गावकरी म्हणाले, इथे आमच्या काजूच्या बागा आहेत, पणजोबांपासून आम्ही कसतो. सत्तरीत अशी कितीतरी कुटुंबं आहेत, कसतात पण उताऱ्यावर नाव नाही. पोर्तुगीज गेले तरी हा गुंता सुटला नाही.

जानेवारी २०२१च्या पहिल्या आठवड्यात पोलीस बंदोबस्तात मोजणी सुरू झाली. बाया पुढे होत्या. ६ तारखेला चकमक उडाली, अश्रुधूर सोडला गेला, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. सरकारातलेच मंत्री आणि तिथले आमदार विश्वजित राणे यांनीही प्रकल्प हलवा असं लिहिलं. १५ जानेवारीला मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी मेळावली सोडल्याचं जाहीर केलं.

आता यात तत्त्वाचा प्रश्न कुठे येतो? जॉन लॉक म्हणतो, जमिनीत ज्याने कष्ट कालवले त्याची ती. मेळावलीच्या काजूला हे चपखल बसतं. पण याच युक्तिवादाने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी ‘पडीक’ ठरवून घेतल्या गेल्या, हेही लक्षात घ्या. गुरं चरतात ते रान, पाण्याचा झरा, देवाची जागा, इथे तर कोणी नांगर घातलेला नाही. मग त्यावर गावाचा हक्क नाही म्हणायचं का? माझ्या मते आहे, पण तो मालकीहून वेगळ्या जातीचा आहे. तो विचारलं जाण्याचा हक्क. मालक कोण हे ठरलं तरी जमिनीचा वापर बदलताना शेजाऱ्याला आधी विचारावं लागतं. जागा ठरवून मग समजूत घालायला जाणं म्हणजे विचारणं नव्हे.

दुसरी बाजूही आहे, नाही कशी? मुलांना हक्काचं आवार हवंच होतं. पुढे सांग्यात जागा पाहिली, तिथेही लोक उभे राहिले.

मेळावलीकर मात्र १५ जानेवारीच्या घोषणेनंतर गप्प बसले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, आमच्यावरचे गुन्हे मागे घ्या आणि जमिनी आमच्या नावावर करा.