ठासणीचा बार आणि चांदमारी

पुण्याचं नाव काढलं की लोकांना वाडे नि पेठा आठवतात. आम्हा हवेलीच्या शेतकऱ्यांना खडकीसुद्धा आठवते. इंग्रजांनी 1869 साली तिथं दारूगोळ्याचा कारखाना काढला. जुन्या काडतुसाच्या बुडाला के आणि एफ ही अक्षरं दिसली की समजायचं, माल खडकीचा.

त्यानंतर नऊ वर्षांनी, 1878 ला, हत्यारांचा कायदा आला आणि बंदूक ठेवायची तर सरकारदरबारी अर्ज करणं भाग पडलं. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा झाला. त्यातलं तेरावं कलम मला कुणी वाचून दाखवलं तेव्हा गंमत वाटली. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक आणि रायफल क्लबाच्या सभासदाला नेमबाजीसाठी पॉइंट बावीसची रायफल, दोघांची सोय एकाच कलमात! शेतकरी आणि खेळाडू कायद्यानं एका पंगतीला बसवले.

आमच्या घरी तसल्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. भुईमूग भरायला लागला की रानडुकरं यायची. एका रात्रीत अर्धा एकर उकरून टाकायची, मग वर्षाचं तेल कुठून आणायचं? पण आमचे आजोबा तात्या शेतात जाण्याआधी बार पारखून घ्यायचे. त्याला ते चांदमारीच म्हणायचे. ओढ्याच्या दरडीला जुनं वर्तमानपत्र लावायचं, त्यावर गेरूनं चांद काढायचा, पंचवीस पावलं मोजायची. बंदूक हातात धरायची नाही, वाळूच्या पोत्यावर टेकवायची. हात हलला की दारूचा दोष का माणसाचा, हे कळायचं कसं?

दारू पितळी मापानं. त्यावर चिंधीचा बोळा, मग छर्रे, परत बोळा. गजाचे ठोके मोजून, दर वेळी तेवढेच. ठोके कमी-जास्त झाले तर माप तेच असूनही बार वेगळा बसतो, हे तात्यांचं म्हणणं. तीन बार उडाले की कागदावरची भोकं मोजायची आमची पोरांची पाळी. चांदाच्या आत किती, बाहेर किती, ते तात्या कोळशानं गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवत. दारू जास्त घातली की मार जास्त, असं गावात बरेच जण समजायचे. भोकं उलटंच सांगायची. दारू वाढली की आवाज मोठा, पण छर्रे फाकून जायचे आणि चांद रिकामा राहायचा. नळी फुटायची भीती वेगळीच. पावसाळ्यात दारू सर्दावली की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

माझे एक मामा खडकीला कामाला होते. ते सांगायचे, तिथंही हेच. प्रत्येक खेपेतली थोडी काडतुसं काढून उडवून बघायची, ती नापास तर अख्खी खेप अडते. तात्यांना हे ऐकून फार बरं वाटलं होतं.

पुढं 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं, त्यात नेमबाजीची रेंज झाली. तिथल्या पोरांची पॉइंट बावीसची काडतुसं घरी भरता येत नाहीत. मग ती वेगवेगळ्या खेपांची काडतुसं आणून, रायफल शिकंज्यात आवळून, कागदावर गोळ्यांचा झुबका बघतात. ज्या खेपेचा झुबका लहान, तीच घ्यायची. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, म्हणजे मोठ्या काबुली हरभऱ्याएवढं. तिथं काडतुसाची चूक खपत नाही. राधानगरीकडच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ह्याच अंतरावर कांस्यपदक मिळवून गेला, तेव्हा मी टीव्हीसमोरून हललो नाही.

आमच्या दरडीच्या जागी आता सोसायटीची भिंत आहे. डुकरं इथली गेली. बंदूक निवडणुकीत दर वेळी पोलिसांत जमा करायची, मग सोडवून आणायची. शेवटी धाकट्या भावानं परवानाच परत केला. मुळशी-वेल्ह्याकडं मात्र भातात डुकरं अजून येतात. वन्यजीव कायद्यामुळं परवानगीशिवाय बार टाकता येत नाही, म्हणून तिकडची पोरं रात्रभर डबे वाजवत बसतात.