रुग्णकेंद्री शुश्रूषा आणि विषबाधेचा रुग्ण : यवतमाळच्या संदर्भात काही नैतिक प्रश्न

रुग्णकेंद्री शुश्रूषा म्हणजे केवळ आजाराकडे न पाहता आजारी माणसाकडे पाहून केलेली सेवा. रुग्णाची इच्छा, भाषा, लज्जा व दुःख यांना औषधाइतकेच महत्त्व देणे हे तिचे मर्म होय. कापूस पिकवणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेचा रुग्ण वॉर्डात येतो, तेव्हा या तत्त्वाची कसोटी लागते.

नोंदीतील सत्य

2017 च्या खरीप हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील सुमारे 20 शेतकरी व शेतमजूर दगावले. अनेकांवर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात उपचार झाले. कर्ज व नापिकीने खचून विष घेणारेही याच जिल्ह्यात आहेत. लक्षणे सारखी असली तरी कारणे निराळी असतात. म्हणून परिचारिकेने स्वतः तर्क न करता रुग्ण सांगेल तेच नोंदवावे. पोलीस तपास व कुटुंबाला मिळणारे साहाय्य अशा नोंदींवर अवलंबून असते.

संमती

‘मला वाचवू नका’ म्हणणाऱ्याची इच्छा मानावी काय? 29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे गृहीत धरले जाते. अशी इच्छा मुक्त मनाची नसते. म्हणून प्राण वाचवणे हे पहिले कर्तव्य ठरते. मात्र रुग्ण सावध झाल्यावर प्रत्येक उपचार त्याला समजावून सांगणे आवश्यक आहे.

गोपनीयता

याच कायद्याचे कलम 23 रुग्णास गोपनीयतेचा हक्क देते. कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोलणाऱ्या रुग्णासाठी मुलगा वा शेजारी दुभाषी होतो, तेव्हा हा हक्क सहज हरवतो. भाषा जाणणारा कर्मचारी, तोही रुग्णाला विचारून, घेणे अधिक योग्य होय.

ख्रिस्तसभेची शिकवण

जीवन ही परमेश्वराची देणगी असून आपण तिचे मालक नव्हे, कारभारी आहोत, असे 1992 चा कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. तीव्र मानसिक व्यथेमुळे माणसाची नैतिक जबाबदारी कमी होते, हेही तो मान्य करतो. चांगल्या शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूला दोष दिला नाही. आधी त्याच्या जखमा बांधल्या.

आजाऱ्यांना भेटणाऱ्या धर्मग्रामस्थांनीही ‘असे का केलेस?’ हा प्रश्न टाळावा आणि शांतपणे ऐकावे. मानसिक आधारासाठी शासनाची टेली-मानस ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे.