मार्गारेट हॅमिल्टन व चांद्रयानाची आज्ञावली

आपल्या ज्ञातीतील कित्येक मुली-सुना आज पुण्यास सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत आहेत. त्यांनी अधिकाराच्या जागा पत्कराव्या काय, ही चर्चा घरोघर चालते. म्हणून आम्ही येथे एका अमेरिकन बाईंचा वृत्तांत देत आहो.

मार्गारेट हॅमिल्टन १९५८ साली गणिताच्या पदवीधर झाल्या व पुढील वर्षी एमआयटी संस्थेत संगणकाच्या आज्ञावली लिहू लागल्या. चांद्रमोहिमेच्या कामावर असता रात्री-रविवारी धाकट्या मुलीसही त्या प्रयोगशाळेत नेत. लेकरू असता हे कसे करवते, असे लोक विचारीत. (हा प्रश्न आमच्याकडेही अद्याप शिळा झालेला नाही!) एकदा नकली उड्डाण चालू असता मुलीने कळा दाबल्या; उड्डाणापूर्वीचा विभाग भर प्रवासात सुरू होऊन सारी यंत्रणा कोलमडली. अशा चुकीस आज्ञावलीतच प्रतिबंध असावा, असे बाईंनी वरिष्ठांस विनविले. अंतराळवीर असे चुकणार नाहीत, हे उत्तर मिळाले. बाईंनी निदान तशी सूचना कागदोपत्री नोंदविली. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ यानात जिम लॉव्हेल यांच्या हातून नेमके तेच घडले. दिशादर्शनाची माहिती पुसली जाऊन पुन्हा जुळवावी लागली. मग प्रतिबंधास अनुमती मिळाली!

पुढे बाई तेथील आज्ञावली-विभागाच्या संचालिका झाल्या. राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक मात्र २०१६ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी मिळाले.