वरच्या कप्प्यातली पेटी

आज हवाई कर्मचाऱ्यांना नोकरीवर घेतल्यानंतर प्रथमोपचार शिकवतात. सुरुवातीला क्रम उलटा होता. आधी नर्स असायला हवी, मगच विमानातली नोकरी. एलन चर्च ही अमेरिकेतल्या आयोवाची परिचारिका. तिला विमान चालवता येत होतं. पण बाईला वैमानिक म्हणून घ्यायला बोइंग एअर ट्रान्सपोर्ट ही कंपनी तयार नव्हती. तेव्हा तिने कंपनीच्या सान फ्रान्सिस्को कचेरीतल्या स्टीव्ह स्टिम्पसन यांच्या गळी एक गोष्ट उतरवली: सोबत नर्स आहे म्हटल्यावर लोकांची विमानाची धास्ती कमी होईल. १५ मे १९३० रोजी ती ओकलंडहून शिकागोला निघालेल्या विमानात कामावर चढली. प्रवासी १४, वाटेत १३ थांबे, प्रवास २० तासांचा. तिच्यासह पहिल्या तुकडीत आठ जणी होत्या आणि सगळ्या नोंदणीकृत नर्स.

पुढे दुसऱ्या महायुद्धात नर्सची गरज सैन्याला लागली, विमान कंपन्यांनी ती अट काढून टाकली आणि ती पुन्हा कधी आली नाही. माझ्या मते पुढच्या साऱ्या अडचणींचं मूळ इथे आहे. विमानं मोठी झाली, उंच आणि लांब उडू लागली, हृदयरोग, दमा, मधुमेह असलेली म्हातारी माणसं त्यांत सर्रास बसू लागली. आणि नेमक्या त्याच काळात उपचाराची जाण असलेली व्यक्ती मात्र विमानातून उतरली होती.

केबिनमध्ये हवेचा दाब राखला जातो हे खरं, पण तो जमिनीवरचा नसतो. तो साधारण सहा ते आठ हजार फुटांवरचा असतो, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वरचा. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. ज्याचं हृदय किंवा फुप्फुस आधीच थकलेलं आहे, त्याच्या रक्तातला प्राणवायू तेवढ्यानेही खाली येतो.

अमेरिकी विमानांत डॉक्टरच्या उपयोगाची औषधपेटी सक्तीची व्हायला १९८६ साल उजाडलं. त्या पेटीत स्टेथोस्कोप, रक्तदाबाचं यंत्र, सुया-सिरिंज, ग्लुकोज, अॅड्रेनॅलिन, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी अशी सामग्री होती. बंद पडलेल्या हृदयासाठी मात्र काही नव्हतं.

अशा हृदयाला विजेचा धक्का देणारं यंत्र जन्माला आलं रुग्णालयात, आणि तिथून बाहेर पडलं बेलफास्टमध्ये. फ्रँक पँट्रिज हे तिथल्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलमधले हृदयरोगतज्ज्ञ. महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहून आलेले. हृदयविकाराचे कितीतरी रुग्ण रुग्णालयात पोचण्याआधीच दगावतात, मग विजेचा धक्का देणारं यंत्रच त्यांच्या दारी का नेऊ नये, असं त्यांनी मांडलं. १९६५-६६च्या सुमारास त्यांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारं यंत्र अॅम्ब्युलन्समध्ये बसवलं. वजन सुमारे ७० किलो! काही वर्षांतच ते तीन-सव्वातीन किलोवर आलं. पुढे हृदयाची लय स्वतःच ओळखणारी यंत्रं आली आणि धक्का द्यायला डॉक्टरच हवा ही गरज उरली नाही. हेच आजचं एईडी.

१९९१मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीने आपल्या लांब पल्ल्याच्या विमानांत आणि टर्मिनलवर एईडी ठेवायला घेतलं. ६४ महिन्यांचा हिशेब १९९७मध्ये छापून आला. तो मुळातून वाचावा असा आहे. हृदय बंद पडण्याचे ४६ प्रसंग: १९ टर्मिनलवर, २७ विमानात. टर्मिनलवरच्या १९ पैकी १७ जणांच्या हृदयात धक्क्याने सुधारणारी थरथर होती. विमानातल्या २७ पैकी फक्त सहा जणांच्या. इतका फरक का? विमानातल्या ११ जणांना कोसळताना कुणी पाहिलंच नव्हतं. टर्मिनलवर माणूस पडला की चार जण धावतात. विमानात दिवे मंद, अंगावर पांघरूण, मान एका बाजूला कललेली. शेजाऱ्याला वाटतं झोप लागली असेल. मदत पोचेपर्यंत ती थरथरही विझलेली असते, आणि मग धक्का देऊन उपयोग नसतो. ज्या २३ जणांमध्ये ती थरथर सापडली, त्यांतले सहा जण दीर्घकाळ जगले. त्यांतले दोघे विमानातले.

अमेरिकन एअरलाइन्सने १९९७मध्ये हीच वाट धरली. २०००मध्ये आलेल्या तिच्या अहवालात यंत्र २०० वेळा बाहेर काढल्याची नोंद आहे. धक्का दिला गेला १५ जणांना, आणि त्यांतले ४० टक्के रुग्णालयातून घरी गेले. अमेरिकेत २००१मध्ये नियम झाला आणि एप्रिल २००४पासून मोठ्या प्रवासी विमानांत ते सक्तीचं झालं.

एईडीची पेटी उघडली की यंत्र बोलायला लागतं. आत दोन चिकट पट्ट्या असतात, त्यांवर चित्रं काढलेली. एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या बरगड्यांवर. सोबत कात्री आणि वस्तराही, कारण छातीवर दाट केस असले तर पट्टी नीट चिकटत नाही. 'रुग्णाला हात लावू नका' असं सांगून यंत्र लय तपासतं. गरज नसेल तर कुणी कितीही बटण दाबलं तरी धक्का देत नाही. खरी कसरत त्याआधीची. सीटांच्या दोन रांगांमध्ये गुडघे टेकायलाही जागा नसते, म्हणून रुग्णाला ओढत गॅलीपर्यंत न्यावं लागतं. छाती दाबणं सुरू झालं नाही, तर वाचण्याची शक्यता मिनिटागणिक सात ते दहा टक्क्यांनी घटते. पस्तीस हजार फुटांवरून विमान तातडीने उतरवायचं तरी वीसेक मिनिटं लागतात. दोन्ही आकडे एकत्र ठेवले की पेटी विमानातच का हवी ते कळतं.

आपल्याकडे विमान वाटेत उतरवायची वेळ आली की नागपूरचं नाव वारंवार येतं, कारण ते देशाच्या मधोमध आहे. २७ ऑगस्ट २०२३ रोजी बंगळूरहून दिल्लीला निघालेल्या विमानात हृदयाची शस्त्रक्रिया झालेलं बाळ निपचित पडलं. विमानात दिल्लीच्या एम्सचे पाच डॉक्टर होते. वाटेत बाळाचं हृदय बंद पडलं, एईडी वापरावं लागलं, ४५ मिनिटं झुंज चालली. नागपूरला उतरवलं तेव्हा रक्ताभिसरण सावरलं होतं. चार दिवसांनी बाळ रुग्णालयातच दगावलं. तरीही त्या पाच जणांनी काही कमी केलं नाही हे लिहून ठेवलंच पाहिजे. त्याआधी नोव्हेंबर २०२१मध्ये दिल्ली-मुंबई विमानात संभाजीनगरचे बालशल्यचिकित्सक आणि तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री भागवत कराड चक्कर आलेल्या सहप्रवाशाच्या मदतीला उठले होते.

असे डॉक्टर किती वेळा भेटतात? २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ११,९२० प्रसंग तपासले होते. साधारण ६०४ उड्डाणांमागे एक प्रसंग. त्यांतल्या जेमतेम निम्म्या वेळी मदतीला डॉक्टर प्रवासी होता. सुदैवाने बहुतेक प्रसंग चक्कर, उलटी, श्वास लागणं असे होते, मृत्यू ३६.

म्हणजे आजही आपली भिस्त अनोळखी सहप्रवाशावर आहे. अमेरिकेने हे १९९८मध्ये ओळखलं आणि कायदा केला: ढोबळ निष्काळजीपणा किंवा जाणूनबुजून केलेलं गैरवर्तन सोडलं, तर विमानात मदत करणाऱ्या वैद्यकीय व्यक्तीवर भरपाईचा दावा चालणार नाही. आपल्याकडे २०१९च्या मोटार वाहन दुरुस्तीने १३४-अ कलम आणलं. रस्ते अपघातात धावून येणाऱ्याला त्याचं संरक्षण आहे, पण ते रस्त्यापुरतंच. विमानात उठून उभं राहणाऱ्या डॉक्टरला, नर्सला तेवढंच स्पष्ट कलम मिळालं पाहिजे, आणि ही मागणी खासदारांकडे, वैद्यकीय संघटनांकडे आपणच लावून धरायला हवी.