कुतच्या वेढ्यातली आपली माणसं

मे २०२५ मधल्या त्या रात्री आठवा. ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि घरोघरी टीव्ही रात्रभर चालू राहिला. ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगून टाकलं. सकाळी बंदर जागेवरच होतं. १० मे रोजी गोळीबार थांबला, मोबाईलवरचा मात्र थांबला नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. नववीतला एक मुलगा तास संपल्यावर रेंगाळला. मी कोल्हापुरात उर्दू आणि मराठी शिकवतो, इतिहास माझा विषय नाही. पण मुलं प्रश्न ज्याला विचारावासा वाटतो त्यालाच विचारतात. त्यानं वहीच्या मागच्या पानावर दोन पोस्ट उतरवून आणल्या होत्या. पहिली गल्लीच्या ग्रुपवरची, स्वतःला संरक्षणतज्ज्ञ म्हणवणाऱ्या कुणाची तरी. तिचा मथितार्थ असा, की पहिल्या महायुद्धात मुसलमान शिपायांनी तुर्कस्तानच्या खलिफासाठी आपल्याच सैन्याला दगा दिला, तेव्हा आजही यांच्यावर विसंबू नका. दुसरी पोस्ट नातेवाइकांच्या ग्रुपवरची. तिच्यात हेच मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, की तेव्हा हिंदुस्थानातला एकही खरा मुसलमान खलिफाविरुद्ध लढला नाही.

“सर, यातलं खरं काय?” त्यानं विचारलं. आणि मग हळूच, “आपली माणसं कुणाच्या बाजूनं होती?”

मी त्याला म्हणालो, आठवडाभर थांब. हा लेख म्हणजे त्या आठवड्याचा हिशेब.

नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं युद्धात उतरला आणि इस्तंबूलहून जिहादचा पुकारा झाला. त्याच महिन्यात इंग्रजांची फौज आजच्या इराकमध्ये उतरली आणि २२ नोव्हेंबरला तिनं बसरा घेतलं. ती फौज होती सहावी डिव्हिजन, म्हणजेच पूना डिव्हिजन. पुढे तिचा सेनापती झाला जनरल टाउनशेंड. याच डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी लढल्या.

नावावरून वाटेल की या पलटणींत फक्त मराठे होते. तसं नव्हतं. त्या काळच्या मराठा पलटणींत दख्खनी आणि कोकणी मराठ्यांच्या कंपन्यांसोबत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. म्हणजे आपल्याच मुलखातली, घरात दख्खनी आणि बाजारात मराठी बोलणारी माणसं.

ही फौज तैग्रिस नदीच्या काठानं बगदादकडे सरकली. तैग्रिस म्हणजे आपल्या उर्दू पुस्तकांतली दजला. बगदादच्या अलीकडे २२ नोव्हेंबर १९१५ ला मोठी लढाई झाली. इंग्रजी इतिहासात तिला टेसिफॉनची लढाई म्हणतात. पण तिथल्या लोकांच्या तोंडी त्या जागेचं नाव आहे सलमान पाक, कारण तिथं हजरत सलमान फारसी यांची मजार आहे. मदिनेला वेढा पडला तेव्हा शहराभोवती खंदक खणण्याची मसलत देणारे सहाबी ते हेच. त्यांच्या मजारीजवळ लढायला मुसलमान शिपाई कचरतील, ही भीती इंग्रज अधिकाऱ्यांना होती. म्हणून सलमान पाक हे नाव टाळून प्राचीन टेसिफॉनचं नाव पुढे करण्यात आलं.

इथं मी वाचता वाचता थांबलो. युद्धाच्या बातमीत खोटं घुसवायला प्रत्येक वेळी खोटी घटना लागत नाही. एका गावाचं नाव बदललं तरी पुरतं.

टेसिफॉनला जबर हानी सोसून फौज मागे फिरली आणि ३ डिसेंबरला कुत-अल-अमारा या गावात येऊन थांबली. कुत तीन बाजूंनी नदीच्या वळणात आहे. चौथी बाजू तुर्कांनी अडवली. वेढा १४७ दिवस चालला. सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे २३,००० माणसं मेली किंवा जखमी झाली, तरी वेढा फुटला नाही.

आत धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापायला सुरुवात झाली. घोड्याचं मांस हिंदू शिपायांनी नाकारलं, तसंच मुसलमान शिपायांनीही नाकारलं. आपल्याकडे हनफी मतानुसार ते मकरूह, पण जीव वाचवण्यासाठी मुभा आहे. हिंदुस्थानातून दोन्हीकडच्या धर्मगुरूंच्या परवानगीचे संदेश मागवून त्यांना ऐकवले गेले. तरी कितीतरी जण एप्रिलपर्यंत अडून राहिले. गावी परतल्यावर लोक काय म्हणतील, ही त्यांची धास्ती होती. उपासमारीनं पाय सुजत होते आणि मनात गावची पंगत होती. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंडनं शरणागती पत्करली. सुमारे १३,००० माणसं कैद झाली.

तुर्कांनी कैद्यांतले मुसलमान वेगळे काढले, त्यांना जरा बरं वागवलं, आपल्या बाजूला वळवू पाहिलं. काही वळले. वेढा चालू असतानाच पळून तुर्कांकडे गेलेलेही होते. पण वेढ्याच्या पाच महिन्यांत खंदक सोडून न गेलेले मुसलमान शिपाई त्याहून कितीतरी जास्त होते.

दुसरीकडे, फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापुरात पाचव्या लाइट इन्फंट्रीनं बंड केलं. ती पूर्ण मुसलमान पलटण होती. तिला हाँगकाँगला पाठवायचं ठरलं होतं, पण आपल्याला तुर्कांशी लढायला नेताहेत अशी वावडी बराकीत पसरली. गदर पक्षाचा प्रचारही तिथं पोचलेला होता. बंड मोडल्यावर ४७ जणांना गोळ्या घातल्या, त्याही लोकांना बघायला बोलावून. पुढच्या वर्षी बसऱ्यात पंधराव्या लान्सर्सच्या मुसलमान सवारांनी पवित्र स्थळांच्या मुलखात मुसलमानांशी लढायला नकार दिला आणि शेकडो जणांना शिक्षा झाल्या.

म्हणजे मुलानं आणलेल्या दोन्ही पोस्ट खोट्या होत्या आणि दोन्हींत खऱ्याचा एकेक तुकडा होता. एकीनं सिंगापूर घेतलं आणि कुत टाकलं. दुसरीनंही सिंगापूरच घेतलं, फक्त शिवीच्या जागी शाबासकी लिहिली.

आता “दगा” या शब्दाकडे येऊ. ३१ जुलै १८५७ ला आपल्या कोल्हापुरात २७ वी पलटण उठली. कंपनीचं मीठ खाऊन कंपनीवर बंदूक रोखली. त्याला आपण स्वातंत्र्यसमर म्हणतो, आणि बरोबरच म्हणतो. मग १९१५ मध्ये सिंगापुरात त्याच इंग्रजावर बंदूक रोखणारा शिपाई दगाबाज कसा? आणि तो दगाबाज नसेल, तर कुतमध्ये इंग्रजासाठी उपाशी राहिलेला शिपाई कोण? या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देणारा माणूस एक तर घाईत आहे, नाही तर त्याला काहीतरी विकायचं आहे.

तेव्हाचे भाष्यकार काय करत होते, तेही पाहण्यासारखं आहे. कलकत्त्याहून मौलाना आझादांचं ‘अल-हिलाल’ निघत होतं, दिल्लीहून मौलाना मुहम्मद अलींचं ‘कॉम्रेड’. दोघांना तुर्कांबद्दल आपुलकी होती आणि ते ती लपवत नव्हते. १९१४ मध्येच सरकारनं दोघांचे जामीन जप्त केले, पत्रं बंद पडली. मुहम्मद अली १९१५ मध्ये स्थानबद्ध झाले, आझादांना १९१६ मध्ये रांचीला जावं लागलं. मराठीत आपल्या शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, ‘केसरी’च्या तालमीत तयार झालेले नाटककार आणि पत्रकार, ‘चित्रमय जगत्’ मासिकातून महायुद्ध वाचकांना समजावून सांगत होते.

आणि टिळक. सामाजिक बाबतीत ‘केसरी’ सनातनी बाजूचा. संमतिवयाच्या कायद्याला त्यानं विरोध केला, आपल्याकडच्या वेदोक्त प्रकरणात तो शाहू महाराजांच्या विरोधात उभा राहिला. पण मंडालेहून सुटून आल्यावर ऑगस्ट १९१४ मध्ये टिळकांनी युद्धात सरकारला पाठिंबा जाहीर केला, आणि पुढे तरुणांनी सैन्यात जावं असं ते सांगू लागले. त्यांचा हिशेब वेगळा होता. आपल्या माणसांना लष्करी शिक्षण मिळावं, अधिकाराच्या जागा मिळाव्यात आणि बदल्यात स्वराज्य मिळावं. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत ते हीच अट मांडू लागले, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डननं त्यांना बोलू दिलं नाही आणि ते उठून गेले. शाहू महाराजही भरतीच्याच बाजूचे होते. मराठा आणि बहुजन तरुणांना पलटणीतून मान आणि भाकरी मिळेल, हा त्यांचा विचार.

वेदोक्तावरून एकमेकांचं तोंड न पाहणारे दोघे भरतीवर एक झाले. मी कुणाला कमी लेखत नाही. प्रत्येकाचा हेतू त्याच्या जागी समजण्यासारखा होता, आणि आझाद, मुहम्मद अली, टिळक या तिघांनीही आपल्या शब्दांची किंमत कधी ना कधी कैदेत किंवा स्थानबद्धतेत मोजली. आज घरबसल्या युद्धावर निकाल देणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. पण एक गोष्ट मला खटकत राहिली. त्या दख्खनी मुसलमान कंपन्यांमधल्या शिपायाला, ज्याच्या एका बाजूला खलिफा होता आणि दुसऱ्या बाजूला घरी जाणारी पगाराची मनीऑर्डर, त्याला काय वाटतं हे कुणी विचारलं?

बसऱ्याला एक स्मारक आहे. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा ४०,००० हून अधिक जणांसाठी ते बांधलं गेलं, १९२९ मध्ये त्याचं अनावरण झालं. गोऱ्या शिपायांची नावं भिंतीवर कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडे लिहिले. त्या आकड्यात मराठा किती, मुसलमान किती, हे भिंत सांगत नाही.

पूर्वी असली पोस्ट आली की मी यादी पाठवायचो. ब्रिगेडियर उस्मान, हवालदार अब्दुल हमीद, आता कर्नल सोफिया कुरेशी. या नावांचा मला अभिमान आहे आणि राहील. पण यादी मागणाऱ्याचं यादीनं समाधान होत नाही, तो पुढच्या वेळी नवी यादी मागतो. शिवाय यादी देताना आपणही तेच करतो, जे तो करतो. सोयीचं ठेवतो, अडचणीचं गाळतो. सिंगापूर लपवलं तर कुत सांगण्याचा हक्क आपल्याला उरत नाही. आणि दुसरी पोस्ट लिहिणाऱ्या आपल्याच भाईबंदांनाही हे सांगावं लागेल, की कुतमध्ये मेलेला दख्खनी शिपाई तुमच्या “खरा मुसलमान” या मोजमापात बसत नाही, म्हणून त्याला घरातून हाकलू नका.

आठवड्यानंतर तो मुलगा आला. मी फळ्यावर चार ओळी लिहिल्या: कोल्हापूर १८५७, सिंगापूर १९१५, बसरा १९१६, कुत १९१६. प्रत्येकीपुढे काय घडलं ते सांगितलं. म्हटलं, आता तुझ्या वहीतल्या दोन्ही पोस्टखाली, त्यात काय गाळलंय ते लिही.

तो बराच वेळ लिहीत होता. मग वर पाहून म्हणाला, “सर, पण आपली माणसं म्हणजे मग यातली कोणती?”

मी म्हणालो, “सगळी.”

त्याचं पुरतं समाधान झालेलं दिसलं नाही. पण त्या दोन पोस्ट त्यानं पुढे पाठवल्या नाहीत, एवढं मला माहीत आहे.