गोरखधंदा : कड्यांचा आणि शब्दाचा

आमच्या एका विद्यार्थिनीने वृत्तपत्रीय मराठीवरील निबंधात ‘गोरखधंदा’ हा शब्द ‘बेकायदा व्यवसाय’ या अर्थाने वापरला, आणि आम्ही तो लाल शाईने अधोरेखित केला. तिने शांतपणे दहा-बारा बातम्यांची कात्रणे समोर ठेवली. सगळीकडे अर्थ तोच. प्रचलित वापराच्या बाजूने पाहता ती बरोबर होती. पण ज्या वस्तूवरून हा शब्द आला ती वस्तू वर्गात कोणीच पाहिलेली नव्हती. खरे सांगायचे तर आम्हीही तिच्याविषयी केवळ वाचले होते.

हजारीप्रसाद द्विवेदींच्या ‘नाथ संप्रदाय’ (१९५०) या ग्रंथात नाथयोग्यांच्या वेषाचे वर्णन करताना ‘धंधारी’ या वस्तूचा उल्लेख येतो. लोखंडाच्या वा लाकडाच्या पट्ट्या एकमेकींत फिरवून केलेले चक्र, मधे छिद्र, त्यात कवडी किंवा दोरा अडकवलेला. क्रिया ठाऊक असणाऱ्याने मंत्र म्हणत तो सोडवायचा. अजाणाच्या हाती तो अधिकच गुंतत जायचा. हाच गोरखधंदा. संसाराच्या गुंत्यातून सुटण्याचे हे प्रतीक योगी अंगावर बाळगीत. जायसीच्या ‘पद्मावता’त जोगी होऊन निघालेल्या रत्नसेनाजवळही धंधारी आहे. ज्ञानदेवांनी आपली गुरुपरंपरा गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी सांगितली, त्या मराठीने तरी हा शब्द इतका स्वस्तात विकायला नको होता, असे आम्हांला वाटते. बहुधा ‘धंदा’ हा उत्तरपद मराठी कानाला व्यापाराचाच वाटतो, आणि अर्थ तिकडे ओढला जातो. उर्दूत मात्र जुनी छटा टिकली. नाझ खियालवी यांच्या, नुसरत फतेह अली खाँ यांनी गायिलेल्या प्रसिद्ध कव्वालीत ‘गोरखधंदा’ हे संबोधन थेट परमेश्वरालाच आहे, आणि त्यात न उलगडणाऱ्या गूढाचे आश्चर्य आहे.

गुंतवून सोडवायच्या कड्यांचा इतिहास अर्थात भारतापुरता नाही. चीनमध्ये ‘ज्यूल्येनह्वान’, म्हणजे ‘नऊ जोडकडी’, हे कोडे घरोघरी खेळले जाई. अठराव्या शतकातील ‘लाल महालाचे स्वप्न’ या कादंबरीच्या सातव्या प्रकरणात ते येते. सेनापती चुको ल्यांग याने युद्धावर जाताना पत्नीच्या विरंगुळ्यासाठी ते रचले, ही स्ट्यूअर्ट क्युलिन या अभ्यासकाने १८९५ मध्ये नोंदवलेली आख्यायिका गोड आहे, पण तिच्यावर इतिहास उभा करता येत नाही. ‘चान-क्वो-त्स’ या प्राचीन ग्रंथातील कथा आम्हांला अधिक मार्मिक वाटते. छिन राज्याच्या राजाने छी राज्याच्या राणीकडे जेडची जोडकडी पाठवून, तुमच्याकडील शहाण्यांना ही सोडवता येतील काय, असे विचारले. दरबारात कोणालाच जमेना. राणीने हातोडी मागवली, कडी फोडली आणि ‘सुटली’ असा निरोप धाडला. (ही कडी म्हणजे नऊ कड्यांचे कोडेच होते, असे मानायला मात्र आधार नाही.)

युरोपात कार्दानोने १५५० मध्ये व जॉन वॉलिसने १६९३ मध्ये या कोड्याचे वर्णन केले. त्याची रचना अशी : एका लांबट तारेच्या फासात नऊ कडी अडकवलेली असतात, आणि प्रत्येक कड्याची दांडी पुढच्या कड्यातून गेलेली असते. पहिले कडे केव्हाही काढता-घालता येते. इतर कोणतेही कडे हलवायचे तर त्याच्या लगतचे आधीचे कडे तारेवर असले पाहिजे, आणि त्याच्याही आधीची सगळी उतरलेली असली पाहिजेत. म्हणजे नववे काढायला आठवे हवे, पण पहिली सात नकोत. परिणामी काढलेली कडी पुन्हापुन्हा घालावी लागतात. एकेक कडे मोजले तर नऊ कड्यांना किमान ३४१ चाली.

१८७२ मध्ये ल्यों येथील लुई ग्रो यांनी ‘नोटरीचा कारकून’ एवढीच ओळख देऊन एक पुस्तिका काढली. कडे तारेवर असेल तर एक, नसेल तर शून्य, अशी मांडणी करून कोणत्याही स्थितीपासून शेवट किती चाली दूर आहे, हे त्यांनी मोजून दाखवले. एका वेळी एकच अंक बदलणारी ही अंकमाला पुढे बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे यांच्या १९५३ च्या पेटंटमुळे ‘ग्रे कोड’ म्हणून प्रसिद्ध झाली. कारकुनाचे नाव मागे पडले.

या हिशेबातली एक गोष्ट आम्हांला फार विलक्षण वाटते. नऊ कड्यांत सुरुवात पहिल्या कड्यापासून करायची असते. चुकून दुसऱ्यापासून केली, तर १७० चालींनी अशी स्थिती येते की आठ कडी उतरलेली असतात आणि एकटे नववे उरते. पाहणाऱ्याला वाटते, आता झालेच. वस्तुतः तेथून सुटका ५११ चाली दूर असते. त्याहून दूरची स्थिती या कोड्यात नाही, आणि पुढची एकमेव शक्य चाल म्हणजे पहिले कडे परत घालणे.

ऑगस्ट २०२१ मध्ये हरियाणा सरकारने, गोरखनाथांच्या अनुयायांच्या भावनांचा विचार करून, गैरव्यवहारांसाठी ‘गोरखधंदा’ हा शब्द वापरण्यास बंदी घातली. आम्हांला ते राणीच्या हातोडीसारखे वाटले. विद्यार्थिनीचे मत वेगळे होते : ज्यांच्या गुरूचे नाव रोज फसवणुकीला चिकटवले जाते, त्यांनी ३४१ चाली कुठवर मोजायच्या? याला आमच्याकडे उत्तर नव्हते. निबंधावरील लाल रेघ आम्ही खोडली नाही, पण गुणही कापले नाहीत. नंतर तिनेच तारेचे नऊ कड्यांचे कोडे आणून दिले. ते सध्या प्राध्यापक-कक्षातील टेबलावर आहे, आणि त्यात एकटे नववे कडे उरले आहे.