कडगंचीच्या रस्त्यावरचे आवाज

कडगंची म्हटलं की लोकांना ‘गुरुचरित्र’कार सरस्वती गंगाधर आठवतात. मला आळंद-कलबुर्गी रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाजही आठवतात. आधी म्हैसूरच्या येझदी मोटरसायकलचा. मग 1985 पासून यामाहा आरएक्स 100चा: टू-स्ट्रोक, 98 सीसी, कानात बसणारा. दोघींचंही उत्पादन 1996ला थांबलं. 2001ला पुण्याच्या बजाजची पल्सर आली आणि वेगाची हौस नोकरदाराच्या खिशाला परवडू लागली. 2008ला यामाहाची आर15 आली: 150 सीसी, पाण्याने थंड होणारं इंजिन, पुढे वाकून बसायची ढब. पुढच्याच वर्षी केंद्रीय विद्यापीठ स्थापन झालं. ते गावाजवळ आल्यावर अशा गाड्या रोज दिसू लागल्या.

परवा घ्यायची म्हणून तसलीच एक जुनी आर15 बघितली. रंग झकास, पण पुढच्या फोर्कवर तेलाचा ओघळ, चेन सैल, स्प्रॉकेटचे दात झिजून टोकदार झालेले. कलबुर्गीला जाऊन येईपर्यंत मनगटं भरून आली. बायको मागची उंच, टीचभर सीट बघून म्हणाली, “ह्यावर लुगडं सावरू की जीव?”

गाडी परत केली. रोजच्यासाठी पल्सरच शोधतोय. आर15च्या आवाजाला मात्र अजून मान वळते.